सहा इंच उशिरा

मी बेंच बोलतोय. सागवानी, तीन फळ्यांचा. सध्या मुक्काम कॉलेजच्या मागच्या वरांड्यात. तुम्ही माझ्यावर टेकून चपलेतला खडा काढताय, काढा. पण बसलाच आहात तर दोन घटका ऐका. सतरा वर्षं मी तोंड उघडलं नाही, आणि आता उघडतोय ते स्वतःची थोरवी सांगायला नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे. बेंचाला हात नसतात म्हणाल, तर माझ्या फळीतून झाली आहे म्हणा.

माझा जन्म एकाहत्तर सालचा. आष्टीकडचं सागवान बैलबंडीतून आलं आणि रूपराव सुतारानं कॉलेजच्या आवारातच चाळीस बेंच ठोकले. लिहायची फळी, बसायची फळी आणि पाठीची फळी, तिन्ही खाली दोन जाड दांड्यांना बोल्टनं जखडलेल्या. पोट्टे बेंच ओढत नेतात, म्हणून ही तजवीज. माप कोणाचं घेतलं? रूपरावानं स्वतःचंच घेतलं. रूपराव म्हणजे नुसती काडी. पहिल्या बेंचात तो स्वतः बसला, पाठ टेकवली, पुढची फळी पोटाशी आणली आणि खूण केली. पोट फळीले टेकलं म्हणजे पोट्टा झोपत नाई, असं त्याचं शास्त्र होतं. पाठीपासून फळीपर्यंत बरोबर एक फूट भरलं. त्याच मापात आम्ही चाळीसही भाऊ तयार झालो.

मला खोली नंबर चारमध्ये जागा मिळाली, खिडकीकडच्या रांगेत तिसरी. काय तोरा होता तेव्हा माझा! शेजारचे दोन भाऊ वर्षभरात कुरकुरायला लागले, मी मात्र जागचा हललो नाही. हलत नाही, यालाच मी गुण समजत होतो.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत रंभा माझ्यावर येऊन बसली. तळेगावहून एसटीनं यायची. आल्या आल्या ओढणीच्या टोकानं मला पुसायची, मग दौत ठेवायची. इतरांनी माझ्यावर बदाम कोरले, बाण कोरले, मास्तरांची टोपणनावं कोरली. तिनं एक रेघसुद्धा ओढली नाही. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मला वाटलं, संपलं. लग्न झालेल्या मुली परत येत नसत. पण जुलैत ती आली, ओढणीऐवजी पदरानं मला पुसलं आणि बसली.

ही करामत तिच्या सासूची. मनकर्णाबाई नाव. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायची आणि तळेगावच्या बाजारात विकायची. तिला अक्षर येत नव्हतं. फी भरायला ती एकदा सुनेसोबत आली, तेव्हा आमचा शिपाई नत्थूजी तिला म्हणाला, काय करता बाई एवढं शिकवून? ती खिडकीपाशीच उभी होती, म्हणून मला नीट ऐकू आलं.

"आमच्या घरात गाडीची पाटी वाचनारं कोनी नाई," ती म्हणाली. "ह्या पोरीले मास्तरीन झालेली पाहाची हाय मले."

शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, रंभाच्या बसण्यात फरक पडला. आधी तिनं कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण बेंचापासून काय लपतं? पदर जाड घेतला तरी फळीला कळतं. पौषात सगळ्यांनाच कळलं. तिच्या शेजारी बसणारी मुलगी मागच्या बेंचावर गेली. सर लोक शिकवताना आमच्या रांगेकडे बघेनासे झाले. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, घरीच अभ्यास करा, परीक्षेला या. नाही कोणी म्हटलं नाही. या, बसा, असंही कोणी म्हटलं नाही.

ती येत राहिली. सरळ बसता येईना, म्हणून आडवी बसायची. पाय वाटेत, कंबर वळवलेली, वही तिरपी. तासाभरानं कमरेला हात लावून डोळे मिटायची. मी तिच्या इतका जवळ होतो आणि मला जरासुद्धा मागं होता येत नव्हतं. खरं सांगू? तेव्हा मला तिची दया आली नाही. चिडच आली. मी म्हणायचो, एकोणचाळीस बेंचांत सगळे नीट बसतात, हिलाच काय होतं?

नत्थूजीला मात्र दिसलं. झाडताना तो माझ्यापाशी थांबायचा आणि खाली वाकून बोल्ट बघायचा. एक दिवस त्यानं ऑफिसातल्या मधुकररावांना खोलीतच आणलं. मधुकरराव म्हणजे आमचे हेडक्लार्क, सगळ्या सामानाचं रजिस्टर त्यांच्याकडे.

"बाबूजी, हे बसाची अन् पाठीची फळी सहा इंच मांगं घेतली तं पोट्टीचं काम होते. चार बोल्ट हायेत फक्त."

मधुकरराव वाईट नव्हते. ते वाकले, त्यांनी बोटं लावून पाहिलं. मग म्हणाले की सामान डेडस्टॉकातलं आहे, त्याला असा हात लावता येत नाही, कमिटीची मंजुरी लागते. मग खुर्ची द्या, नत्थूजी म्हणाला. खुर्ची प्राध्यापकांना असते, विद्यार्थ्याला खुर्ची दिल्याचं ऐकलंय का कुठं? शेवटी मधुकररावांनी स्वतः अर्ज लिहिला, मोत्यासारख्या अक्षरात, आणि वर पाठवला. नत्थूजी दर सोमवारी विचारायचा. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे उत्तर तोही पाठ म्हणायला लागला.

पोटातलं बाळ सहा महिने थांबत नाही.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलात परीक्षा आली. नत्थूजीनं मुद्दाम रंभाचा नंबर खडूनं माझ्यावर टाकला. खिडकीचा वारा लागेल, एवढाच त्याचा विचार. पहिले चार पेपर तिनं आडवं बसून लिहिले. मनकर्णाबाई बाहेर लिंबाखाली ओला पंचा आणि पाण्याची बाटली घेऊन बसायची. पाचवा पेपर अर्थशास्त्राचा, दुपारचा. त्या दिवशी खोलीवर बाहेरगावचे एक सर आले होते.

"बाई, सरळ बसा. तोंड शेजारच्या पेपराकडे जातंय."

"सर, बसवत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

ती सरळ झाली. श्वास आत ओढला, पाय आत घेतले आणि बसली. पाठ मागं टेकली आणि माझ्या लिहायच्या फळीची कड तिच्या पोटात रुतली. सरांना ते दिसलं नाही, कारण वरून पदर होता. मला तर दिसायचीही गरज नव्हती. ती लिहीत होती आणि मी रुतत होतो. आणि मग आतून लाथ बसली. एकदा, मग पुन्हा. इवलीशी लाथ, पण थेट माझ्या कडेवर. पोटातलं लेकरू मला सांगत होतं, सरक. सागवान मी, रूपरावाचे बोल्ट मला. तसूभर सरकलो नाही.

दीड तासानं तिचा पेन थांबला. पाचातले दोन प्रश्न झाले होते. तिनं माझी कड दोन्ही हातांनी धरली, कशीबशी बाहेर निघाली आणि पेपर देऊन गेली. तिच्या घामाचे दोन पंजे माझ्या फळीवर उमटले होते. ऊन कडक होतं, लगेच वाळले.

पोरगी त्याच संध्याकाळी झाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. धडधाकट झाली, दोघी सुखरूप, हे आधीच सांगतो, नाहीतर तुमचा जीव उगाच टांगणीला लागेल. पण पाचवा अर्धा राहिला आणि पुढचे दोन पेपर बुडाले. रंभा नापास.

आठवड्यानं मनकर्णाबाई आली. सुनेचा पेन राहिला होता, तो नत्थूजीनं जपून ठेवला होता. पेन घेतला तरी बाई जाईना. कुठं बसली होती ते दाखवा, म्हणाली. नत्थूजीनं मला दाखवलं. तिनं पाठीपासून फळीपर्यंत वीत टाकली. एक वीत झाली, मग अर्धी. पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं.

"कोनाच्या मापाचा केला हा?" तिनं विचारलं.

  मला उत्तर माहीत होतं, पण आवाज नव्हता.

ऑक्टोबरात रंभाला पुन्हा बसता आलं असतं. पण अंगावरचं पोर, तीन तास कसं राहणार? मधे पाजायला सोडाल का, अशी तिनं चिठ्ठी पाठवली. नत्थूजी म्हणाला, आजी पोरीला घेऊन माझ्या खोलीत बसेल, बाई पाच मिनिटं येऊन जाईल. प्राचार्य म्हणाले, हे कॉलेज आहे, नत्थूजी. तेवढ्यावर तेही मिटलं.

आणि ऑगस्टात, पाहा, माझी मंजुरी आली होती! शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. रूपराव पाना घेऊन आला. चार बोल्ट काढले, बसायची आणि पाठीची फळी सहा इंच मागं घेतली, बोल्ट पुन्हा कसले. अर्धा तासही लागला नाही. घाम पुसत त्यानं विचारलं, कोण बसनार हाय यात? नत्थूजी म्हणाला, बैल गेला अन् झोपा केला, तो हा झोपा समज. रूपरावाला काही कळलं नाही. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या सहा इंचांची पोट्ट्यांना मोठी गंमत वाटायची. शेटजीचा बेंच म्हणायचे मला. कोणी पोट फुगवून बसून दाखवायचा आणि सगळी खोली हसायची. मला ते हसणं जिव्हारी लागायचं. माझ्यात जी जागा झाली होती, ती कोणाची होती हे मला ठाऊक होतं.

आठ वर्षं गेली. पंच्याऐंशीच्या एप्रिलात सकाळी एक बाई खोलीत आली, पदर खोचलेला, हातात तोच जुना पेन. मी तो पेन पाहिला आणि ओळखलं. रंभा. बाहेरून परीक्षेला बसत होती. मधे दुसरं लेकरू झालं, सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, वावरातलं काम होतं. आता जमलं. बाहेर लिंबाखाली मनकर्णाबाई होती आणि सोबत आठ वर्षांची नात. गाडीची पाटी आज नातीनं वाचली, असं म्हातारी ज्याला त्याला सांगत होती.

नत्थूजीनं यादीत नाव पाहून तिचा नंबर पुन्हा माझ्यावरच टाकला होता. किती वर्षं वाट पाहिली असेल त्यानं. तो म्हणाला, "बाई, हे जागा तुमच्यासाठीच केली होती. जरा उशीर झाला."

रंभानं पदरानं मला पुसलं आणि ती बसली. आणि काय सांगू, माझी फळी तिला पुरेना. ती आता वाळून गेली होती. पाठ टेकवली तर हात पोचेना, हात पोचवावा तर पाठ अधांतरी. तेव्हा मी तिला रुतलो, आणि आता लांब राहिलो. दोन्ही वेळा मी चुकीचाच निघालो.

ती फळीच्या कडेवरून हात फिरवत बसली. मग तिचं लक्ष पलीकडच्या रांगेत गेलं. गुलाब नावाची एक मुलगी होती, सातवा महिना. आडवी बसली होती, पाय वाटेत, कंबर वळवलेली. रंभा उठली.

"नत्थूजी, आमची जागा बदलून द्या."

"बाबूजीले विचारा लागन, बाई."

"मांगच्या खेपी विचारलं होतं ना?"

नत्थूजीनं दाराकडे पाहिलं. दारात मधुकरराव उभे होते, केस सगळे पांढरे. नत्थूजीनं खांद्यावरचा दुपट्टा घेतला, माझ्यावरचा नंबर पुसला, पलीकडचाही पुसला आणि खडूनं नवे नंबर लिहिले. आकडे वाकडे आले. मधुकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला आणि पुसत पुसतच ते निघून गेले.

गुलाब माझ्यात सरळ बसली. पाठ टेकून, पाय आत घेऊन, तीन तास. रंभा तिच्या त्या एक फुटी बेंचात बसून लिहीत होती.

रंभा पास झाली, थर्ड क्लासात. नत्थूजीनं वर्तमानपत्रातला नंबर मला वाचून दाखवला, खोलीत कोणी नव्हतं तेव्हा. पण बी.एड. काही तिला जमलं नाही. मास्तरीण ती झाली नाही. ती आठ वर्षं कोणी कुठून आणून देणार? मधुकररावांचा अर्ज देणार, की रूपरावाचा पाना देणार? मी तर देऊच शकत नाही, माझ्यामुळेच गेली.

आता लोखंडी पायांचे नवे बेंच आलेत. आम्ही जुने वरांड्यात. नव्यांना उतरवताना मी नीट पाहिलं. पाठीपासून फळीपर्यंत पुन्हा एक फूटच आहे. म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही आत जाणार असाल, तर कोणाला तरी एवढं विचारा, कोणाच्या मापाचा केला? आणि हो, उत्तर वर पाठवू नका. चारच बोल्ट असतात.

त्या तीन तासांत गुलाबच्या पोटातल्या लेकरानंही लाथा मारल्याच असतील. मला एकही लागली नाही. पण पहिलीच्या दोन अजून लागतात, इथं, कडेवर, तुम्ही हात ठेवलाय तिथंच.