रडगाण्याला एकच ओळ

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सात खिडक्या होत्या. सहांवर कामाची पाटी होती: नवी जोडणी, तक्रारी, नावात बदल वगैरे. चार नंबरवर पाटी नव्हती, तिथे ताई बसायची. परदेशातून आलेलं, इथली भाषा अडखळत बोलणारं कुणी दारात दिसलं की शिपाई काही न विचारता चार नंबरकडे बोट दाखवायचा, मग त्याचं काम नव्या जोडणीचं असो की तुंबलेल्या नळाचं. ताई स्वतः बाहेरची, तेव्हा बाहेरच्यांचं ती बघेल, असं कुणीतरी एकदा ठरवलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली होती.

ताईची त्याबद्दल काही तक्रार नव्हती असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप होईल. तक्रार होती, पण ती नोंदवायची तर कुठल्या खिडकीवर, हा प्रश्न होता.

तिचा जीव गुंतला होता गळती पथकात. मायदेशी तिचे वडील पाणीखात्यातच पाणी सोडायच्या चाव्या फिरवायचे, त्यामुळे नळाचं वेड घरातलंच. चार वर्षांपूर्वी एका कागदावर सही घ्यायला ती पथकाकडे गेली होती. भर रस्त्यात झाकण उघडून मुकादम खालच्या नळाला लोखंडी सळई टेकवून उभे होते आणि सळईच्या वरच्या टोकाला त्यांनी कान लावला होता. जमिनीखाली नळ फुटला की सळईत सूं असा आवाज येतो, आणि तो कुठे वाढतो यावरून खणायची जागा ठरते. ताईने गंमत म्हणून कान लावला. मग पुढच्या झाकणाशी गेली, परत आली आणि म्हणाली, "त्या खांबाच्या दोन पावलं अलीकडे." खणलं तर नळ तिथेच फुटलेला. मुकादम तिच्याकडे बघतच राहिले. "बाई, तुम्ही खिडकीत काय करताय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ती घरी घेऊन आली आणि तो घरातच राहिला. खिडकीत दिवसभर माणसं बोलायची, तीही बोलायची, आणि दर वाक्याला कुणीतरी भुवया उंचावून म्हणायचं, "काय? परत सांगा." नळाला तिचे उच्चार ऐकायचे नव्हते. तिने पथकाची खात्यांतर्गत परीक्षा दिली, नापास झाली, परत दिली, परत नापास झाली. तिसऱ्या खेपेला पास झाली. हे फक्त नवऱ्याला आणि मुलीला ठाऊक होतं. कचेरीत तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, उगाच हसं नको म्हणून.

आणि मंडळात सांगायला तर तिची जीभच रेटत नव्हती.

मंडळाची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी मुख्य कचेरीचं फर्मान आलं की परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांना इथे आपलेपणा वाटला पाहिजे. कचेरीच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, कामाच्या झटपट. त्यांनी आठ दिवसांत 'आपुलकी मंडळ' काढलं, कापडी फलक लावला, सगळ्यांना फूल दिलं, फोटो काढले आणि चिटणीस म्हणून ताईचं नाव लिहून टाकलं. दुसऱ्या बैठकीला चिटणीस सोडून कुणीही आलं नाही.

मग ताईने फलक गुंडाळून कपाटावर टाकला आणि एकेकाला गाठून विचारलं, तुम्हाला काय हवंय? टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "मला रजेचा अर्ज लिहिता येत नाही. म्हणून मी आजारी पडत नाही."

तिथून मंडळ सुरू झालं. दर गुरुवारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, तळमजल्यावरच्या जुन्या मीटरच्या खोलीत. या खोलीसाठी ताई मोठ्या बाईंशी कडाकडा भांडली होती. ते भांडण जिन्यापर्यंत ऐकू गेलं होतं. तिन्ही भिंतींना मांडण्या, मांडण्यांवर मोडके मीटर, मध्ये लांब टेबल आणि सतरा माणसं. ताई अर्ज शिकवायची. "आधी आपण कोण ते. मग काय हवं ते. मग का हवं ते. आणि रडगाणं शेवटी, त्याला एकच ओळ. दोन ओळी रडलात की साहेब वाचायचं सोडतो."

अर्ज लिहिता लिहिता माणसं एकमेकांची झाली. एकाच्या डब्यात दुसऱ्याचा हात गेला. पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्याला सगळे बाटलीवाला म्हणायचे आणि तो शपथेवर सांगायचा की बाटलीत फक्त पाणी असतं. ड्रायव्हरची बायको बाळंत झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात इतकी माणसं जमली की नर्सने विचारलं, यातला बाप कोण?

सगळ्यांत मोठी मावशी. झाडलोट करायची, साठीला टेकलेली. इथल्या भाषेचं एक अक्षर तिला येत नव्हतं. दीड वर्षात ती वाचायला शिकली आणि मग तिला आवरणं मुश्कील झालं. सूचना फलक, आग विझवायच्या नळकांड्यावरची माहिती, कचऱ्यात पडलेली पाकिटं, जे सापडेल ते ती ओठ हलवत वाचायची.

सोमवारी सूचना फलकावर आदेश लागला. चार नंबर खिडकी ते गळती पथक, पुढच्या सोमवारपासून, मैदानी काम. ताईने तो लांबूनच वाचला आणि स्वच्छतागृहात जाऊन थोडी रडली. आनंदाने रडली, हे सांगायला हवं. गुरुवारी मंडळात सांगू, असं तिने ठरवलं. वाक्यंही जुळवून ठेवली.

गुरुवारी दहाला मोठ्या बाईंचं बोलावणं आलं.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. चेहरा असा खुललेला की ताईला वाटलं, अभिनंदन करणार. "मला आज फार बरं वाटलं. मंडळ काढलं तेव्हा मलासुद्धा वाटलं नव्हतं की माणसं इतकी एक होतील. हे वाचा."

टेबलावर अर्ज होता. ताईने वाचायला घेतला. आम्ही खाली सह्या करणारे सतरा कर्मचारी. आधी आपण कोण. चार नंबरच्या ताईंची बदली रद्द व्हावी. मग काय हवं. सदर बदली ताईंच्या इच्छेविरुद्ध, खोलीवरून झालेल्या वादाची शिक्षा म्हणून होत आहे, अशी आमची खात्री आहे. मग का हवं. आणि शेवटी एकच ओळ: ताई गेल्या तर आम्ही इथे पुन्हा परके होऊ.

एकही चूक नव्हती. समास सोडलेला, बुधवारची तारीख उजवीकडे, सतरा सह्या. पहिली सही मावशीची, मोठी आणि वाकडी.

त्यांचं काय चुकलं? ज्यांनी आयुष्यात एकही बदली मागून घेतली नाही, त्यांना बदली म्हणजे शिक्षाच वाटणार. खिडकी म्हणजे सावली आणि खुर्ची. रस्ता म्हणजे उन्हातान्हात उभं राहणं. ते सोडून हे कुणी आपणहून मागेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि ताईने त्यांना सांगितलंही नव्हतं.

"शिक्षाबिक्षा काही नव्हती, ते मी मनावर घेत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण मी आदेश रद्द करतेय. संध्याकाळी पाचला पथकाची यादी मुख्य कचेरीत जाईल, तुमच्या जागी परीक्षेत तुमच्या मागे असलेल्या माणसाचं नाव जाईल."

"बाई, मला जायचंय," ताई म्हणाली. "मी स्वतः परीक्षा दिलीय. तीनदा दिलीय. मी आत्ता तसं लिहून देते."

मोठ्या बाईंचा चेहरा जरासा उतरला. त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "लिहून द्या की. पण मग हे खोटं ठरतं. सतरा जणांनी सहीनिशी लिहिलंय, तुमच्या इच्छेविरुद्ध. वर विचारतील, खोटं कुणी लिहिलं? यातले नऊ जण करारावर आहेत, तुम्हाला माहीत आहे." मग त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "त्यांनीच पाचच्या आत मागे घेतला तर गोष्ट वेगळी. अर्ज मागे घेतला तर कुणी काही विचारत नाही. बघा तुम्ही."

ताई खिडकीवर आली. तीन माणसांची कामं केली आणि मध्ये एका कोऱ्या कागदावर आपला अर्ज लिहिला. आधी आपण कोण, मग काय हवं: बदली मीच मागितली आहे, आज गुरुवारी पाचला जाणाऱ्या यादीत माझं नाव ठेवावं. रडगाणं मात्र तीन ओळी झालं. तो कागद तिने गल्ल्याखाली सरकवून ठेवला.

एक वाजता ती मीटरच्या खोलीत गेली तर सगळे उभे राहिले. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, नुसते उभे राहिले. तिची खुर्ची पुसून ठेवली होती.

"कळलं का ताई?" ड्रायव्हर म्हणाला. "बाईंनी सकाळीच सांगितलं. मंजूर."

"बारा वर्षं झाली मला या शहरात," बाटलीवाला म्हणाला. "पहिल्यांदा काही मागितलं आणि मिळालं."

मावशी म्हणाली, "माझी सही बघितलीस ना? पहिली माझीच घेतली सगळ्यांनी."

"बघितली मावशी," ताई म्हणाली. "छान आलीय."

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मला तुमच्यातून जायचंय, हे सतरा हसऱ्या तोंडांकडे बघून कसं म्हणतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती फळ्याकडे वळली.

"आजचा धडा," ती म्हणाली. "दिलेला अर्ज मागे कसा घ्यायचा."

सगळ्यांनी वह्या काढल्या. तिने फळ्यावर लिहिलं: आम्ही खाली सह्या करणारे, बुधवारी दिलेला अर्ज स्वखुशीने मागे घेत आहोत. पेन्सिली कागदावर कुरकुरल्या. मावशी ओठ हलवत उतरवत होती. कारण, असं लिहून ताईने पुढे दोन टिंबं दिली आणि थांबली.

"कारण काय लिहायचं?" बाटलीवाल्याने विचारलं.

ताईने खडू पुन्हा फळ्याला टेकवला.

"पण असा अर्ज करेल कोण?" ड्रायव्हर हसत म्हणाला. "मिळालेलं परत द्यायचं? ताई, हा धडा साहेब लोकांना शिकवा, आम्हाला कधी लागायचा नाही."

खोलीभर हशा पिकला. ताईसुद्धा हसली. ते हसू आतून आलेलं नव्हतं, पण हशात कुणाचं हसू कसं आहे ते कोण बघतो? मावशी तेवढी हसली नाही. ती टिंबांपुढची जागा मोकळी सोडून वही मिटत होती. दीड वाजला. ताईने फळा पुसला.

पाचपर्यंत साडेतीन तास होते. त्यात ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. खिडकीच्या काचेत तिला तिचंच तोंड दिसत होतं. आत आपण आहोत हे तिला अकरा वर्षं ठाऊक होतं, पण दार कुणी बाहेरून प्रेमाने लावलं की ते ठोठावायचं तरी कसं, हे तिला कळेना. पाच वाजले. तिने गल्ल्याखालचा कागद काढला, चुरगळला आणि पायाशी असलेल्या टोपलीत टाकला.

घरी मुलीने दारातच विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"आई, सरळ सांगायचं ना. आपलीच माणसं आहेत म्हणतेस."

"आपलीच आहेत म्हणून तर," ताई म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. परीक्षेसाठी तिने काढलेली नळांची चित्रं फ्रिजवर लावलेली होती, ती नवऱ्याने काढली नाहीत.

शुक्रवारी सकाळी खिडकी उघडली. एकोणीस नंबरला एक नवा माणूस आला, त्याचा नळ तुंबला होता. वीस नंबर पुकारला तर समोर मावशी. कामाचा डगला नाही, ठेवणीतले कपडे, केस चापून बसवलेले, हातात नंबराची चिठ्ठी. बाकीच्यांसारखी ती रांगेत उभी राहून आली होती.

"मावशी, तू रांगेत कशाला?"

"अर्ज द्यायचा तर रांगेतून द्यायचा. तूच शिकवलंयस." तिने काचेखालून एक कागद सरकवला. त्याच्यासोबत दुसरा कागद होता, चुरगळून पुन्हा हाताने सपाट केलेला. ताईने तो लगेच ओळखला.

"टोपली रिकामी करताना सापडला," मावशी म्हणाली. "काल संध्याकाळी वाचला. आधी वाटलं मला नीट वाचता येत नाही. म्हणून परत वाचला."

ताईने मावशीचा कागद उघडला. मी, झाडलोट करणारी, पहिली सही माझी. बुधवारचा अर्ज मी मागे घेत आहे. त्यात चूक माझी आहे, ताईंची नाही. आणि टिंबांपुढची जागा भरलेली होती. कारण: आम्ही तुला विचारलंच नाही.

रडगाणं नव्हतं. त्याची जागा मावशीने कोरी सोडली होती.

"उशीर झाला का?" मावशीने विचारलं.

रांगेत मागे अकरा माणसं होती. ताईने शिक्का उचलला. त्यातली तारीख तिने सकाळी स्वतःच फिरवली होती, शुक्रवारची. तिने तो कागदावर मारला, नोंदवहीत ओळ लिहिली आणि पोच फाडून मावशीच्या हातात दिली. मावशीने पोचेवरची तारीख ओठ हलवत वाचली आणि मग तिला काही विचारावं लागलं नाही.

"जा मावशी," ताई म्हणाली. "गुरुवारी ये."

मग तिने एकवीस नंबर पुकारला.