धुक्यातली हाक

मित्रांनो, मला वायर नाही, बटण नाही, बॅटरी तर नाहीच. मी एक पत्र्याचा भोंगा आहे, चांगला जुना. एका टोकाला तोंड लावायचे आणि दुसऱ्या टोकातून आवाज सोडायचा, एवढेच माझे काम. माझ्या अंगावर तीन पोचे आहेत आणि कडेचा रंग कधीच उडून गेला आहे. तरी एक सकाळ आठवली की माझा पत्रा आजही झणझणतो.

माझा जन्म मिलवॉकी शहरातला. झेलिग नावाच्या पत्रेवाल्याने छपराच्या उरलेल्या पत्र्यातून मला कापले, वळवले आणि डाग देऊन सांधले. "हा समुद्रावर नेलास तरी ऐकू जाईल," तो आपल्या पुतण्याला म्हणाला. पुतण्या म्हणजे नफ्ताली. त्याने मला समुद्रावर नेले नाही. उत्तरेकडच्या पाइनच्या रानात एक तळे होते. तिथे दर उन्हाळ्यात ज्यू मुलांचे आठ आठवड्यांचे शिबिर भरे. तिथे तो मला घेऊन गेला.

मुले शिकागोची, मिनिआपोलिसची, घरी इंग्रजी बोलणारी. पण फाटकातून आत पाऊल टाकले की सगळे हिब्रूत. उठणे हिब्रूत, जेवणे हिब्रूत, भांडणेसुद्धा हिब्रूत. भाषांतर कोणी करून देत नसे. नफ्ताली होडी चालवायला शिकवायचा. तो वल्हे उचलून दाखवी, माझ्यातून त्याचे नाव ओरडी, आणि मुले भिजत भिजत शब्द शिकत. तळ्यावर इंग्रजीचा एक शब्दही त्याने माझ्यातून कधी जाऊ दिला नाही.

नऊ उन्हाळे मी गाजवले. दहाव्या उन्हाळ्यात पनिना आली. घरचे नाव फिलिस, वय दहा, गुडघे सदा खरचटलेले. पहिल्या दिवशी ती धिटाईने बोलू लागली. जेवणघरात सूप आले. नफ्तालीच्या खांद्याला लटकून मीही तिथे होतो. हिब्रूत चमचा म्हणजे 'काफ' आणि माकड म्हणजे 'कोफ'. पनिना उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मला एक माकड द्या!"

सगळे जेवणघर खदखदून हसले. तिच्या खोलीतली द्वोरा तर बाकावरून खालीच घसरली. "अगं, सूप पिणार की माकड खाणार?" तिने विचारले. त्या दिवसापासून पनिनाला सगळे 'कोफ' म्हणू लागले आणि पनिनाने तोंड मिटून घेतले. वल्हे हवे असेल तर हिब्रूत मागावे लागे. ती मागेना. रोज धक्क्यावर पाय सोडून बसे आणि इतरांच्या होड्या बघे. नफ्ताली तिला हुसकावत नसे. मला मात्र फार वाईट वाटे.

चौथ्या आठवड्यात शिकागोहून क्राविट्झ साहेब आले. ते शिबिराच्या कार्यकारिणीवर होते. मन वाईट नव्हते, पण काळजी फार करायचे. धक्क्यावर उभे राहून ते शिबिराच्या प्रमुख येहुदितबाईंना म्हणाले, "बाई, जेवणघरात काय बोलायचं ते बोला. पण तळ्यावर इंग्रजीच हवी. उद्या काही बरंवाईट झालं आणि पोरांना हाकच कळली नाही, तर मी आईबापांना काय तोंड दाखवू?"

"आज तळं गेलं की उद्या जेवणघर जाईल," बाई म्हणाल्या. "मग उरेल काय? रोज अर्धा तास फळा आणि खडू?"

"बघू. उद्या होडीत बसतो, डोळ्यांनी बघतो. संध्याकाळी ठरवून टाकू."

दुसरा दिवस शुक्रवार. रात्रभर पाऊस झाला होता, तळे काठोकाठ भरले होते. पाच होड्या पाण्यात गेल्या. चौथ्या होडीत तीन छोट्या मुलांसोबत क्राविट्झ साहेब स्वतः वल्ही घेऊन बसले. "मी लहानपणी पुष्कळ वल्हवलंय," ते म्हणाले. नफ्तालीचा घसा आदल्या दिवशीच्या सामन्यांत ओरडून पार बसला होता. तरी तो नेहमीसारखा मला घेऊन धक्क्यावर उभा राहिला. बाकीचे शिक्षक होड्यांत होते. काठावर उरली फक्त पनिना.

आणि धुके आले. आधी पलीकडचे पाइन गेले, मग तळ्याचा मध्य, मग एकेक होडी. बघता बघता समोर नुसता पांढरा कापूस. तळ्याच्या टोकाला बंधारा होता आणि भरलेले पाणी होड्यांना तिकडे ओढत होते.

नफ्तालीने मला ओठांना लावले, छाती भरून घेतली आणि फुंकर मारावी तसा नुसता वारा बाहेर आला. पुन्हा तेच. त्याने वळून पनिनाकडे पाहिले आणि मला तिच्या हातात दिले.

"मी नाही," ती पुटपुटली. "हसतील."

"हसू देत," तो खरखरत म्हणाला. "पण हसायला आधी काठावर तर येऊ देत!"

तिने मला तोंडाला लावले. तिचा श्वास मला लागत होता, गरम आणि भेदरलेला. मला वाटले, ही इंग्रजीतच ओरडणार. पण तळ्यावरचा प्रत्येक हुकूम तिने चार आठवडे हिब्रूतच ऐकला होता. तोच बाहेर आला.

"पहिली होडी!"

"हिनेनी!" धुक्यातून उत्तर आले. म्हणजे, ही मी इथे.

"एल हाकोल!" ती ओरडली. आवाजाकडे या! "वल्हवा! आवाजाकडे!"

दुसरी होडी, हिनेनी. तिसरी, हिनेनी. पाचवी, हिनेनी. एकही मूल गोंधळले नाही, एकानेही उलट विचारले नाही. एकेका होडीचे टोक धुके फाडून बाहेर आले. पण चौथी होडी गप्प होती. पनिनाने पुन्हा हाक दिली. पुन्हा. तिचा आवाज फाटू लागला, पण मी तो फाटू दिला नाही. होता तेवढा सगळा पुढे फेकला.

तिकडे होडीत काय चालले होते ते मला नंतर कळले. छोटी मुले रडत होती. क्राविट्झ साहेबांना हिब्रू येत होते ते फक्त प्रार्थनेच्या पुस्तकातले. पण 'हिनेनी' त्या पुस्तकात होते. बाकीच्या होड्यांची उत्तरे त्यांच्या कानांवर पडली आणि ते वल्ही सोडून उभेच राहिले.

"हिनेनी!" बंधाऱ्याच्या बाजूने जाडाभरडा आवाज आला. "हिनेनी! हिनेनी!"

"एल हाकोल!" पनिनाने उत्तर दिले.

"काका, खाली बसा!" एक चिमुरडा इंग्रजीत ओरडला. "आवाजाकडे या म्हणतेय ती! तुम्ही उलटं वल्हवताय!"

"मग नीट सांग ना रे बाबा, कुठे वळवू?"

"इकडे! हां, आता ओढा! ओढा!"

पनिना हाका देत राहिली आणि ते तिघे साहेबांना सांगत राहिले. शेवटी चौथी होडी धडकन धक्क्यावर आदळली. साहेबांचे बूट पाण्याने भरले होते, टोपी गेली होती. द्वोरा काठीने होडी ओढत ओरडली, "माकडाने वाचवलं रे आपल्याला!"

पनिनाने मला परत तोंडाला लावले आणि तळे दणाणून सोडले: "तेनू लाकोफ काफ!" माकडाला चमचा द्या!

दोन्ही शब्द जिथल्या तिथे. मग जे हसू उसळले त्यात पहिला आवाज पनिनाचा होता. द्वोराने तिला गच्च मिठी मारली. नफ्ताली हसत होता आणि डोळे पुसत होता.

शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होतो, म्हणून संध्याकाळी सगळे पांढरे कपडे घालून जेवायला बसले. येहुदितबाईंनी विचारले, "मग तळ्याचं काय ठरलं?"

"मला काय विचारता?" क्राविट्झ साहेब म्हणाले. "तिला विचारा. तळं आता तिचं आहे." आणि पाव पुढे करत त्यांनी पनिनाला त्याचे हिब्रू नाव विचारले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले.

मोठी झाल्यावर पनिना अकरा उन्हाळे त्या तळ्याची प्रमुख होती. मग बॅटरीचा कर्णा आला आणि मी होडीघरात खिळ्याला टांगला गेलो. गांधीलमाशांनी माझ्या पोटात घर केले. कित्येक वर्षे माझ्यातून एक शब्द गेला नाही. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीने मला खाली काढले, झटकले आणि माझ्यातून एक चुकीचा शब्द ठोकून दिला. मी तो पलीकडच्या काठापर्यंत पोहोचवला, अगदी बरोबर शब्दासारखाच.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. वस्तू असो की भाषा, जपायची म्हणून उंच टांगून ठेवू नका. खाली काढा, पुसा आणि ओठांना लावा. समोरचा चुकला तर पोटभर हसा, पण त्याला पुढचे वाक्य बोलू द्या.