खोक्यावर दोन, बोर्डावर एक

कोंबडी बंद पडली तेव्हा वार्षिक परीक्षेला बारा दिवस उरले होते.

कोंबडी म्हणजे अंध मुलांच्या शाळेतलं ब्रेल छापायचं यंत्र. जाड कागदावर चोच मारल्यासारखी टकटक करत ते ठिपके उमटवायचं, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि खरं नाव सगळेच विसरले. ते बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. यंत्र तसं ठणठणीत होतं. जळाला होता तो त्याला हुकूम सोडणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड.

छापखाना दोघींचा. वहिनी यंत्र चालवायची आणि तिची नणंद छापलेलं पान न पान बोटांनी वाचून चुका काढायची. नणंद चार वर्षांची असताना तापात दृष्टी गेलेली. याच शाळेत शिकली, याच शाळेत नोकरीला लागली. शाळेत तिला सगळे ताई म्हणायचे आणि हिला वहिनी. घरातही तेच चालायचं.

वहिनीने जळालेल्या बोर्डावरचं नाव टिपून घेतलं, त्याच नावाचा बोर्ड मागवला, चौथ्या दिवशी तो आला. स्क्रूची भोकं बरोबर जुळली, पडदा उजळला, पंखा फिरला. कोंबडी मात्र ढिम्म. यंत्राला कॉम्प्युटरशी जोडणारं कार्ड बोर्डावरच्या लांबट खाचेत नीट बसलं होतं, पण कॉम्प्युटरला ते दिसतच नव्हतं. दोन मेकॅनिक येऊन गेले आणि दोघांनीही हात टेकले. "नवीन यंत्र घ्या," म्हणाले. नवीन यंत्र यायला तीन महिने लागणार होते.

"मुलांना काय प्रश्नपत्रिका तोंडी सांगायच्या?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि गणिताचं काय? आकृत्या तोंडाने काढायच्या?"

रविवारी वहिनीने दोन्ही बोर्ड घरी आणून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग घेऊन बसली. तासाभराने तिला कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, फरक सापडला. जुन्यावर लिहिलं होतं रेव्ह १.०, म्हणजे पहिली रिव्हिजन, पहिली आवृत्ती. नव्यावर रेव्ह २.०.

"ताई, नाव एकच आहे हो, पण हे दोन वेगळे बोर्ड आहेत! कंपनीने मधे काहीतरी बदललं आणि नाव तेच ठेवलं."

"काय बदललं?"

"तेच तर कळत नाहीये. दोन्हींवर नुसती गर्दी आहे."

"आण इकडे."

"आधी नळाला हात लावा. अंगातली वीज उतरू दे."

ताई नळाला हात लावून आली. डावा हात जुन्या बोर्डावर, उजवा नव्यावर, दोन्ही एकाच वेगाने पुढे सरकत होते. दोन प्रती पडताळताना ती अशीच वाचायची. लांबट खाचेपाशी उजवा हात थांबला.

"हा कोण इथे बसलाय?"

"कुठे?"

"खाचेच्या डोक्याशी. चौकोनी, नखाएवढा. डावीकडे ही जागा सपाट आहे."

वहिनीने भिंग नेलं. खरंच, काळा चपटा चौकोन. त्यावरचा नंबर तिने इंटरनेटवर शोधला आणि संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. जुन्या बोर्डात ती खाच थेट मुख्य चिपशी बोलायची. नव्यात कंपनीने मधे हा दुभाष्या बसवला होता. नव्या कार्डांना त्याचं बोलणं कळायचं, कोंबडीच्या म्हाताऱ्या कार्डाला अक्षरही कळत नव्हतं.

"म्हणजे दुभाष्या नसलेला बोर्ड हवा," ताई म्हणाली. "सोपं आहे की."

सोपं कसलं! वहिनीने फोन करकरून सतरा दुकानं पालथी घातली. निम्म्यांना रिव्हिजन म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं आणि उरलेले म्हणत होते, "सगळे सारखेच असतात हो." शेवटी जुन्या सुट्या भागांच्या गल्लीतला एक जण म्हणाला, "आहेत नऊ खोकी. येऊन बघा."

ताई हट्टाने बरोबर आली.

दुकान बोळकंडीएवढं, जमिनीपासून छतापर्यंत खोकी रचलेली. दुकानदाराने नऊ खोकी काउंटरवर मांडली. प्रत्येकावर रिव्हिजनचं लेबल होतं. दोन खोक्यांवर १.०, उरलेल्या सातांवर २.०. वहिनीच्या जिवात जीव आला.

"ही दोन उघडून दाखवा. कोपऱ्यातला आकडा बघते आणि घेऊन जाते."

"खोकं उघडतो, पिशवी नाही." आत प्रत्येक बोर्ड काळपट चंदेरी पिशवीत सीलबंद होता, आरपार काही दिसत नव्हतं. "सील फुटलं की माल तुमचा. परत घेणार नाही. लेबल आहे ना वर, आणखी काय पाहिजे?"

"पिशवीवरून हात लावला तर चालेल?" ताईने विचारलं.

दुकानदाराने तिच्या काठीकडे बघितलं, मग वहिनीकडे. "लावा. हात लावायला काय जातंय."

ताईने पहिला १.० पुढ्यात ओढला. पिशवीवरून हलकेच बोटं फिरवत ती खाचेपर्यंत गेली, तर्जनी दाबली. "आहे चौकोन. हा नको."

"अहो, एक लिहिलंय त्यावर," दुकानदार म्हणाला.

"वहिनी, दुसरा दे." तिथेही तेच. "हाही नको."

वहिनीने ताईच्या कानाशी वाकून विचारलं, "नक्की ना? पिशवी जाड आहे."

"वहिनी, ब्रेलचा ठिपका किती उंच असतो? त्यापुढे हा चौकोन म्हणजे ओटा आहे ओटा. पुढचे आण."

दुकानदार आता गालातल्या गालात हसत होता. तिसरा, चौथा, पाचवा नको. सहाव्यावर ताईची तर्जनी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"सपाट," ती म्हणाली. "हा घ्यायचा."

खोक्यावर ठसठशीत लिहिलं होतं, २.०.

"ताई, अख्खी गल्ली हसून हसून लोळेल," दुकानदार म्हणाला. "मी सांगतोय, तो दोन आहे. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका."

वहिनीने खोक्याकडे बघितलं. छापील लेबल, कंपनीचा शिक्का, सगळं जिथल्या तिथे. मग ताईकडे बघितलं. वीस वर्षं या बोटांनी तिच्या चुका काढल्या होत्या. सुरुवातीला वहिनी वाद घालायची, "मी नीट बघितलंय, बरोबर आहे." एकदाही ती बरोबर निघाली नव्हती.

"फोडा सील," ती म्हणाली. "माल माझा."

दुकानदाराने खांदे उडवले, कात्रीने पिशवी कापली आणि बोर्ड दिव्याखाली धरला. कोपऱ्यात वाकून बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"काय लिहिलंय?" ताईने विचारलं.

तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने वाचा की. मला दिसत नाही."

"एक पॉइंट शून्य," तो म्हणाला.

वहिनीने भर दुकानात ताईला अशी मिठी मारली की काठी खाली पडली. ताई मात्र आणखी काम बाकी असल्यासारखी म्हणाली, "अगं सोड, अजून तीन राहिलेत." आठवाही सपाट निघाला. वहिनीने तोही घेतला, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

दुकानदाराने मग स्वतःहून १.० लेबलाच्या एका खोक्यातल्या बोर्डाचं सील फोडलं. आत २.०. तो मटकन स्टुलावर बसला.

"गेल्या महिन्यात एकाला हाकलून दिलं मी," तो म्हणाला. "म्हणत होता, खोक्यात भलताच बोर्ड निघाला. मला वाटलं, बदलून आणलाय आणि थापा मारतोय. कुणीतरी परत आलेला माल वाटेल त्या खोक्यांत भरला असणार." त्याने फोन काढला आणि त्या माणसाचा नंबर शोधू लागला. त्या दोघी बाहेर पडत होत्या तेव्हा तो फोनवर म्हणत होता, "माफ करा हं, चूक माझीच होती."

दुपारी छापखान्याच्या दारात मुख्याध्यापिका, दोन शिक्षक आणि शिपाई उभे होते. वहिनीने कार्ड खाचेत दाबलं, बटण दाबलं. पडद्यावर यंत्राचं नाव आलं, ते खरं, सगळ्यांनी विसरलेलं नाव. तिने भूगोलाची प्रश्नपत्रिका सोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग टक. टकटक. आणि मग सगळी खोली त्या आवाजाने भरून गेली. शिपायाने टाळ्या वाजवल्या आणि मुख्याध्यापिकांनी आयुष्यात पहिल्यांदा शिपायाला साथ दिली.

पहिलं पान बाहेर पडलं तसं ताईने ते अलगद उचललं. बोटं ओळींवरून धावली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ठिपके कसे आहेत?" वहिनीने विचारलं.

"ठिपके एक नंबर," ताई म्हणाली. "पण तिसऱ्या प्रश्नात नदी उलटी वाहतेय. भूगोलाच्या सरांना बोलवा."

सर दारातच उभे होते. ते लाजून हसले, आणि वहिनीने नदी सरळ करायला घेतली.