पोवळ्याच्या दगडाचं वय

मंजुळेच्या घरात भांडणं नवी नव्हती, पण दगडावरून जुंपली ती पहिल्यांदाच.

दगड तिच्या लेकीने, पूर्वीने, कॉलेजातून आणला होता, सोमवारी वर्गात दाखवून परत द्यायचा म्हणून. नारळाएवढा, अंगभर चांदण्यांची नक्षी. लाखो वर्षांमागचं पोवळं, म्हणे.

"बायबलातल्या नोहाच्या पुरात गाडलेलं हाय ते," तिचा भाऊ विकी म्हणाला. "एका वर्षात. पृथ्वीच सहा हजार वर्षांची, तर दगड एवढा म्हातारा कुठून?"

"पुरानं आणलं असतं तर आडवंतिडवं पडलं असतं ना, दादा! पोवळ्याची सगळी भिंत जागच्या जागी वाढलीय, एकावर एक."

"तुझे सर बघायला गेलेले?"

"आणि तुझ्या वाकोल्यावाल्यांनी पूर पाहिला?"

वाकोल्याचं नाव निघालं तशी मंजुळा दोघांच्या मधे आली. तिथल्या प्रार्थनेला जायला लागल्यापासून पोराची दारू सुटली होती. त्याआधी जुहूच्या वाळूतून त्याला ओढत घरी आणणारी तीच. देव कुणाचा, हे तिने विचारलं नव्हतं. आणि लेक पूर्वी तर घरातली पहिली कॉलेजात गेलेली. "शिकलेल्या पोरीची आय हाय मी, भाव नीट बोल," असं ती मासळीबाजारात गिऱ्हाइकांना ठणकावायची.

"हा दगड घरात राहिला तर मी नाय राहत," विकी म्हणाला.

दर्यातली वस्तू घरात येऊन घर बिघडलं, तर ती दर्याला परत करायची, ही तिच्या सासूची रीत. दुसऱ्या दिवशी पोरं उठायच्या आत मंजुळेने दगडाला कुंकू लावलं, कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि तो सोडून दिला. "दर्याराजा, तुझं तुला. माझी पोरं माझ्याकडं ठेव."

घरी येऊन तिने सांगितलं, तसा विकी तिच्या पाया पडला. "आये, तुला पटलं!"

पूर्वी पांढरीफटक. "कॉलेजचा होता तो. तू त्याची बाजू घेतलीस."

"बाजू कसली? भांडण बुडवलं मी."

"मला बुडवलंस."

ओहोटी लागताच मंजुळा लुगडं खोचून दगड शोधायला चिखलात उतरली. विकी काठावर उभा.

"बघतोस काय, ठोंब्या? चिखल तुझ्या देवाला चालत नाय?"

तो उतरला. दगड त्यालाच सापडला. चिखल पुसताना त्याचं बोट चांदण्यांवर रेंगाळलं.

"दगड चांगला हाय, आये. वय खोटं हाय."

"मग दगड दे तिला. वय तुझ्याकडं ठेव."

पूर्वीने दगड टॉवेलात गुंडाळला आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवला. ती भांडुपला मावशीकडं निघाली होती.

"रविवारी ये," मंजुळा म्हणाली. "बोंबील करते."

"दादा पुराचं काढणार नसेल तर येते."

मंजुळेने विकीकडं पाहिलं. त्याची मान खाली. ज्यांनी त्याला बाटलीतून बाहेर काढलं, ते दगडाबाबत खोटे ठरले तर त्याला धरायला काय उरलं असतं? जन्मभर सगळ्यांना बोलायला लावणारी मंजुळा त्याला "हो म्हण" एवढं म्हणू शकली नाही.

पूर्वीने चपला घातल्या. मग बॅग उचलून निघाली. दगडाच्या वजनानं ती एका बाजूला झुकली होती.