मार्फाच्या शालीतली गाठ

"मला बाजारातल्या फडक्यात पुरणार आहेस का गं, उस्तिन्या?"

सकाळी सकाळी असलं बोलणं. मी तिच्या पाठीखालची चादर ओढत होते, कंबर मोडली होती आणि नणंदबाईंना पुरून घेण्याची घाई.

"आधी मर तरी," मी म्हटलं. "मग बघू."

मार्फा निम्म्या तोंडानं हसली. उरलेलं निम्मं लकव्यानं नेलं होतं. डोळे त्याआधीच गेले होते. तिनं लग्न केलं नाही, आणि माझा नवरा गेल्यावरही तिनं माझं घर सोडलं नाही. तिला उठवायची, बसवायची, भरवायची मीच. मलाही उठवायला कुणीतरी हवं होतं, पण ते सांगायचं कुणाला?

आमच्या गावात प्रत्येक म्हातारीचं पुरताना घालायच्या कपड्यांचं शेवटचं गाठोडं तयार असतं. मार्फाचंही होतं : परकर, मोजे, मेणबत्त्या. फक्त शाल नव्हती. शालीचं सूत मात्र होतं. आजारी पडण्याआधी तिनं आमच्याच शेळ्यांची लव विंचरून ते टकळीवर काढलं होतं. कोळ्यानं लाजावं इतकं बारीक.

"वीण तू. दुसऱ्या कुणाचा हात मी त्याला लागू देणार नाही."

मी सुया केव्हाच पेटीत टाकल्या होत्या. स्टेशनावर गिरणीच्या जाड सुताच्या शाली खपायला लागल्या, तेव्हाच. तसल्या सुताला हात लावण्यापेक्षा शेण काढलेलं बरं.

बसले विणायला. बोटं लाकडासारखी. घातलेले टाके उसवले, शिव्या घातल्या, पुन्हा घातले. आणि एका दुपारी काठाचा कोपरा आपोआप वळला. सूत बोटांवरून असं सरकायला लागलं की हात पुढे आणि मी मागे. चुलीवर काहीतरी फसफसलं.

"आई, दूध गेलं उतू!" सून लिदा ओरडली.

"जाऊ दे."

लिदा माझ्याकडे बघतच राहिली. या घरात दुधाबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

संध्याकाळी मार्फा तिच्या चांगल्या हातानं वीण चाचपायची.

"इथं सैल झालीय."

"तुझी जीभ सैल झालीय."

शाल संपली. धुतली, चौकटीवर ताणून वाळवली आणि तिच्या छातीवर पसरली. तिची बोटं काठानं सावकाश चालत गेली. एका कोपऱ्याशी थांबली.

"गाठ आहे."

मेलेल्या माणसाच्या कपड्यात गाठ चालत नाही. जीव अडकून राहतो म्हणतात. धागा तुटला तर दोन्ही टोकं ओली करून तळहातावर वळायची. हे मला ठाऊक नव्हतं का? पण जन्मभर विकायच्या शाली विणल्या. धागा तुटला की हात झटकन गाठ मारून पुढे जायचा. तसाच गेला.

"उसव," मार्फा म्हणाली.

"उसवणार नाही. ही लव एकदा बसली की सुटत नाही, तुटते."

"मग ही माझ्या गाठोड्यात जायची नाही."

"नाही तर नाही. आत्ता पांघर."

चांगली शाल आम्ही विकायची आणि विरलेली वापरायची, असंच चालत आलं होतं. तिनं इतकं सूत काढलं, मी इतकं विणलं. पण अंगावर कधी कुणी घेतलं नव्हतं.

"मला खिडकीशी बसव," ती म्हणाली.

लिदानं आणि मी तिला उचललं. मी शाल तिच्या डोक्यावरून घेऊन खांद्यावर नीट केली.

"कुणी बघतंय का गं?"

"सगळं गाव लोटलंय. वाट बंद झालीय."

बाहेर बर्फात शेजाऱ्याचं कुत्रं तेवढं होतं.

"बघू दे," मार्फा म्हणाली आणि तिनं मान ताठ केली.

सगळा हिवाळा ती त्या शालीत बसली. शेळ्यांची लव विंचरायचे दिवस आले आणि ती गेली. तिच्या डोक्याला बाजारातलंच पांढरं फडकं घातलं. लिदा हनुवटीखाली बांधायला गेली. मी तिचा हात धरला. टोकं नुसती दुमडून ठेवली.

आता पहाटे गोठ्यात जाताना मी ती शाल घेते. "अशी शाल शेळ्यांत?" शेजारीण विचारते.

"शेळ्यांचीच आहे," मी म्हणते.

एका हातात कंगवा असतो. दुसऱ्या हाताचा अंगठा काठावर ती गाठ शोधत जातो. सापडली की मी कामाला लागते.