वस्तादांची चाचणी

"पाय खाली घ्या, वस्ताद. तिसऱ्यांदा सांगतोय."

वस्तादांनी डावा पाय मुडपून सीटवर घेतला होता आणि उजवा ब्रेकपासून लांब, ऐसपैस पसरला होता. सोळा चाकांचा ट्रक आपला आपणच धावत होता. पुढची कार मंदावली की हाही मंदावे, ती सुटली की हाही सुटे.

"अरे, क्रूझ लावलं की गाडी स्वतःच अंतर राखते, हे तूच शिकवलंस ना? मग मी कशाला अवघडून बसू?"

शिक्षकाने कपाळावर हात मारला. कंपनीत नवे ट्रक आल्यापासून चालकांना ते शिकवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. त्यात हे वस्ताद! पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं होतं. सोमवारी धोक्याची शिट्टी पहिल्यांदा वाजली, तेव्हा वस्तादांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. "ही बया मला गाडी शिकवणार?" आणि गुरुवार, म्हणजे चाचणीचा दिवस, उजाडेपर्यंत बयेच्या हाती सगळा संसार सोपवून मोकळे!

"ती मदतनीस आहे, वस्ताद. चालत्या गाडीमागे नीट चालते. पण रस्त्यात उभी असलेली गाडी तिला वेळेवर कळेलच असं नाही. वळणावर, पावसात, पुढचा सेन्सर चिखलाने माखला, तर विचारूच नका. भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही, हे मला कोणी शिकवलं?"

"मीच. तुझं पुराण पाठ आहे मला."

"पाठ आहे, पण पालथ्या घड्यावर पाणी!"

एवढ्यात पुढची कार झटकन बाजूच्या रांगेत गेली. रस्ता मोकळा झाला असं समजून ट्रकने वेग घेतला. मोकळा कुठला? समोर बंद पडलेला ट्रेलर उभा होता, मागचे दिवे उघडझाप करत होते. वस्ताद आता ब्रेक दाबतील, मग दाबतील, म्हणून शिक्षकाने क्षणभर वाट पाहिली.

"वस्ताद, ब्रेक!"

तो ओरडला आणि शिट्टीही तेव्हाच किंचाळली. वस्तादांचा पाय चाचपडला, ब्रेक सापडला, दाबला गेला. टायर करकरले. ट्रेलरमागे जॅक घेऊन वाकलेला माणूस तसाच खिळून राहिला. ट्रक त्याच्यापासून चार हातांवर थांबला.

ट्रक कडेला घेतल्यावर शिक्षकाच्या संयमाचा बांध फुटला. "एवढं धूड उभं होतं समोर! लक्ष कुठे होतं तुमचं?"

"तिथेच होतं."

"मग?"

"दिसलं नाही." वस्ताद उन्हाने चकाकणाऱ्या काचेकडे बघत म्हणाले, "वर्ष होत आलं. ऊन समोर आलं की सगळं पांढरं होतं. म्हणून तर ही बया आवडली. म्हटलं, माझ्या नजरेतून सुटेल ते ती धरेल."

"अहो, मग डॉक्टरांकडे जायचं! मोतीबिंदू असेल, निघतो तो. वर्षभर लपवून काय मिळवलंत?"

"आणि त्यांनी गाडी बंद करा म्हटलं असतं तर?"

"आणि तो माणूस चिरडला असता तर?"

वस्ताद दार उघडून खाली उतरले, ट्रेलरवाल्यापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. तो हातवारे करत खूप काही बोलला. वस्तादांनी ते मान खाली घालून ऐकलं.

परत आले, तेव्हा शिक्षक चाचणीचा कागद मांडीवर घेऊन बसला होता. पेन उघडं होतं, रकाना रिकामा होता.

"लिही," वस्ताद खालूनच म्हणाले. "मी तुला दोनदा नापास केलं होतं. तेव्हा माझा हात अडला नव्हता."

त्याने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग तो सरकून चालकाच्या सीटवर बसला. वस्ताद पुढून वळसा घालून दुसऱ्या दाराने वर चढले. पट्टा घ्यायला त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्याकडे गेला. तिथे पट्टा नव्हता. दुसऱ्यांदाही हात तिकडेच गेला.

शिक्षक समोर रस्त्याकडे पाहत, त्यांचा पट्टा लागेपर्यंत थांबला.