अंदाजाचा हात

सरकारी दवाखान्यात नवं यंत्र आलं की आठ दिवस त्याचे फोटो निघतात आणि नवव्या दिवशी त्याच्यावर फडकं पडतं. राजूरच्या अलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात मात्र नाहिद नावाची तरुण नर्स ते फडकं पडू देत नव्हती, आणि म्हणून मुख्य परिचारिका शालू सिस्टर पार वैतागून गेल्या होत्या.

यंत्र म्हणजे तळहाताएवढी चकती आणि तिला तारेनं जोडलेला छोटा पडदा. लेकराचं हृदय बंद पडलं की चकती छातीवर ठेवायची आणि तिच्यावरून दाबायचं. दाब पुरेसा खोल गेला तर हिरवा दिवा. उथळ राहिला तर लाल, आणि वर कर्कश आवाज. सरावाच्या बाहुलीवर शालू सिस्टरांचे हात पडले की तो आवाज थांबायचाच नाही.

"खराबी हाये ह्याच्यात," त्या चिडून म्हणाल्या. "बावीस वर्षं झाले हे काम करून राह्यले मी. आता हे डबडं मला शिकवणार?"

"सिस्टर, ताप आपण हात लावून लिहितो का? थर्मामीटर लावतोच ना. मंग छाती किती दबली, ते अंदाजानं कसं चालंल?"

"अगं, लेकराचं अंग ते. जोर केला अन् बरगडी मोडली तर?"

"बरगडी मोडली तर जुळते. बंद पडलेलं दिल जपून दाबल्यानं चालू होत न्हाई."

शालू सिस्टरांनी बाहुली कोपऱ्यात सरकवली आणि विषय संपवला.

त्याच आठवड्यात एका दुपारी कचरू नावाचा शेतकरी आपल्या पाच वर्षांच्या नातीला, तृप्तीला, छातीशी धरून धावत आला. ती शेततळ्यात पडली होती. श्वास नव्हता, नाडी लागत नव्हती. डॉक्टर आदिनाथांनी तोंडावर मास्क धरून श्वास देणारा फुगा दाबायला घेतला, शालू सिस्टरांनी छाती दाबायला सुरुवात केली. नाहिदनं त्यांच्या तळव्याखाली चकती सरकवली. मिनिटभर चकती नुसती कोकलत होती.

"बंद कर ते!"

"न्हाई करणार. खोल दाबा, सिस्टर. अजून."

शालू सिस्टरांनी रागानं सगळा भार हातावर टाकला. दिवा हिरवा झाला. इवलीशी छाती एवढी खाली जात होती, तरी त्यांचा हात थांबला नाही. दोन मिनिटांत दिवा पुन्हा लाल झाला. आपण थकलो हे त्यांना कळलंही नव्हतं. नाहिदनं जागा घेतली. अशा पाळ्या चालल्या असताना डॉक्टरांच्या बोटाखाली नाडी लागली. थोड्या वेळानं पोरगी ओकली आणि कण्हली. लगेच तिला जालन्याला हलवलं. आठवड्यानं ती घरी गेली.

तृप्तीला हलवलं त्याच संध्याकाळी शालू सिस्टर नाहिदला घेऊन पडद्यापुढे बसल्या; यंत्र प्रत्येक दाबाची नोंद ठेवायचं. "पहिल्या मिनिटाचं दाखव."

एकशेचार दाब. त्यातले पुरेसे खोल फक्त नऊ.

"पहिलंच मिनिट होतं, सिस्टर," नाहिद हळूच म्हणाली.

"पहिलं कुठलं? माझा हात आजपर्यंत असाच चाललाय."

त्यांना पिंपळगाव रेणुकाईचं, छाती दाबूनही न वाचलेलं एक पोरगं आठवलं. त्याच्या आईला त्यांनी सांगितलं होतं, "बाई, आम्ही सगळं केलं." खोल दाबलं असतं तर ते वाचलं असतं की नसतं, हे आता कोणतंही यंत्र सांगू शकत नव्हतं.

सोमवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. एकशेचारात नऊ, हा आकडा स्वतःच्या तोंडानं सांगितला आणि सर्वांसमोर सरावाला पहिल्या बसल्या.

मंडळी, अनुभव मोठाच असतो. पण त्याला कुणी मोजलंच नाही, तर त्याच्याबरोबर चूकही वर्षानुवर्षं पक्की होत जाते. लेकरांवर माया जरूर करावी, त्यांच्या जिवाचा अंदाज करू नये. जे मोजता येतं ते मोजावं, आणि चूक दाखवणाऱ्यावर चिडण्याआधी आपला हात तपासावा.